‘यूज्ड टू’ : सवय कालची की आजची?

शहागंजातील घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक जुने किराणा दुकान आहे. दुकानदाराचा मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर. दुकानाचा सारा हिशेब तोच पाहतो. वाळूजच्या एका कारखान्यात लेखा विभागातील जागेसाठी त्याला मुलाखतीला बोलावण्यात आले. अनुभवाविषयी प्रश्न निघाला, तेव्हा त्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, ‘आय यूज्ड टू हँडल द अकाउंट्स ऑफ माय फादर्स शॉप.’ समोरच्या अधिकाऱ्यांनी लगेच विचारले, ‘व्हाय डिड यू स्टॉप?’ म्हणजे, मग ते काम सोडले का?

मुलगा गोंधळला. त्याने काम सोडलेच नव्हते. आदल्या रात्रीही तो दहा वाजेपर्यंत वहीत मान घालून बसला होता. ‘नो सर, आय यूज्ड टू डू इट डेली,’ असे त्याने पुन्हा सांगितले. अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठी पडली. हा उमेदवार काही तरी लपवतो आहे, असा त्यांचा समज झाला असावा. नोकरी मिळाली नाही. चार दिवसांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, मी खोटे काहीच बोललो नाही. मग माझे चुकले कुठे?’

त्याचे चुकले ते दोन शब्दांत. हे दोन शब्द आपल्यापैकी बहुतेकजण शाळेत शिकलेले असतात, रोज वापरतात आणि अनेकदा नेमके उलट अर्थाने वापरतात. म्हणून आजच्या लेखात ‘यूज्ड टू’ या शब्दप्रयोगाचा थोडा सविस्तर विचार करू. वाचकांच्या सोयीसाठी इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, म्हणजे कानाला सवय होईल.

चूक होते कशी?

मराठी व्याकरणात रीती वर्तमानकाळ आणि रीती भूतकाळ असे दोन काळ आपण शिकतो. ‘मी निबंध लिहीत असतो’ हा रीती वर्तमानकाळ. ‘मी निबंध लिहीत असे’ हा रीती भूतकाळ. दोन्हींत क्रिया पुनःपुन्हा घडते, दोन्हींत रीत किंवा सवय आहे. फरक एवढाच की पहिल्या वाक्यातील सवय आजही चालू आहे आणि दुसऱ्या वाक्यातील सवय काळाच्या पडद्याआड गेली आहे. ‘असतो’ आणि ‘असे’ एवढ्याशा फरकाने मराठी माणसाला काळ अचूक कळतो.

इंग्रजी शिकताना मात्र आपल्याला अर्धाच नियम लक्षात राहतो. ‘यूज्ड टू’ सवय दाखवते, एवढे पाठ होते. ती सवय भूतकाळातील असते, हा उरलेला अर्धा भाग विसरला जातो. मग ‘मी रोज सकाळी फिरायला जात असतो’ याचे भाषांतर ‘आय यूज्ड टू गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग’ असे होते. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो तो असा : हे गृहस्थ पूर्वी फिरायला जात, आता त्यांनी ते बंद केले आहे.

ही चूक केवळ मराठी माणसाची नाही. शहागंजात मराठीइतकीच दखनी आणि उर्दू कानावर पडते. त्या भाषांतही ‘जाया करता हूँ’ आणि ‘जाया करता था’ अशी जोडी आहे. दोन्हींत ‘करता’ तोच, बदल शेवटच्या शब्दात. तेथील मंडळीही इंग्रजी बोलताना याच ठिकाणी ठेचकाळतात. सिंगापूर आणि मलेशियातील बोलीवळणाच्या इंग्रजीतही चालू सवयीसाठी हा प्रयोग सर्रास ऐकू येतो, असे भाषाअभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणजे चूक मोठ्या संगतीत घडते. परंतु मुलाखतीच्या खोलीत ती संगत कामास येत नाही.

पहिला आणि मुख्य उपयोग : गेलेला काळ

‘यूज्ड टू’ नंतर क्रियापदाचे मूळ रूप आले की अर्थ होतो : पूर्वी असे घडत असे किंवा पूर्वी अशी स्थिती होती, आता तसे नाही. मराठीत यासाठी तीन रूपे आपल्या हाताशी आहेत. ‘तो जात असे’, ‘तो जायचा’ आणि जुन्या वळणाच्या गद्यात आढळणारे ‘तो जाई’. या तिन्हींना इंग्रजीत एकच उत्तर आहे : ‘ही यूज्ड टू गो.’

आपल्या शहराच्या इतिहासात या प्रयोगाची उदाहरणे जागोजागी सापडतात. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसवले. त्याचा मुलगा फतेहखान याने १६२६ मध्ये त्याला फतेहनगर हे नाव दिले. औरंगजेब १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून येथे आला आणि ते औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झाले. हा सारा नामांतराचा प्रवास इंग्रजीत सांगायचा तर ‘यूज्ड टू’ वाचून गत्यंतर नाही.

‘द सिटी यूज्ड टू बी कॉल्ड खडकी.’ म्हणजे, या नगराला पूर्वी खडकी म्हणत.

‘देअर यूज्ड टू बी अ वॉल अराउंड द सिटी.’ म्हणजे, पूर्वी शहराभोवती तट होता. तटाचा बराचसा भाग आज उरलेला नाही आणि बावन्न दरवाजांच्या या शहरात आज मोजकेच दरवाजे उभे आहेत, म्हणून येथे हा प्रयोग चपखल बसतो.

‘उर्दू यूज्ड टू बी द ऑफिशियल लँग्वेज ऑफ हैदराबाद स्टेट.’ मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा कारभार उर्दूत चाले.

‘मीटरगेज ट्रेन्स यूज्ड टू रन बिटवीन मनमाड अँड औरंगाबाद.’ आज तो मार्ग ब्रॉडगेज आहे; मीटरगेजची गाडी आठवणीत राहिली.

‘स्टुडंट्स इन मराठी स्कूल्स यूज्ड टू स्टार्ट इंग्लिश इन द फिफ्थ स्टँडर्ड.’ महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, त्यापूर्वीची ही स्थिती.

या सर्व वाक्यांत एक गोष्ट समान आहे. ‘आता नाही’ हे शब्द कोठेही उच्चारलेले नाहीत, तरीही ते ऐकू येतात. ‘यूज्ड टू’ची सारी शक्ती या न बोललेल्या अर्ध्या वाक्यात आहे. दुकानदाराच्या मुलाचा घात झाला तो याच अर्ध्या वाक्याने. तो म्हणाला, मी हिशेब पाहत असे. अधिकाऱ्यांनी ऐकले, आता पाहत नाही.

प्रश्न आणि नकार

प्रश्न करताना ‘डिड’ हे साहाय्यक क्रियापद पुढे येते. भूतकाळ ‘डिड’ने उचलला की मुख्य क्रियापद मूळ रूपात जाते, हा नियम आपण ‘डिड यू गो’ या वाक्यात शिकलेलो आहोत. येथेही तेच घडते. ‘डिड यू यूज टू लिव्ह इन शहागंज?’ म्हणजे, तुम्ही पूर्वी शहागंजात राहत होता का? लिहिताना येथे शेवटचे ‘डी’ अक्षर गळते.

नकारातही तसेच. ‘वुई डिडंट यूज टू लॉक अवर डोअर्स.’ म्हणजे, पूर्वी आम्ही दारांना कुलपे लावत नसू. बोलण्यात ‘नेव्हर’ अधिक सोपे आणि स्वाभाविक वाटते : ‘वुई नेव्हर यूज्ड टू लॉक अवर डोअर्स.’ ‘नेव्हर’ बरोबर ‘डिड’ नसल्याने ‘डी’ कायम राहतो. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत ‘यूज्ड नॉट टू’ असाही नकार आढळतो. तो चुकीचा नाही, मात्र आज फारसा ऐकू येत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि अर्जात ‘डिडंट यूज टू’ लिहावे.

उच्चाराची गोम

लेखनातील गोंधळाचे मूळ उच्चारात आहे. ‘वापरणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा भूतकाळ उच्चारताना ‘झ’चा दंत्य ध्वनी येतो, म्हणजे ‘यूझ्ड’. आपल्या सवयीच्या ‘यूज्ड टू’मध्ये मात्र ‘स’ येतो आणि ‘डी’चा ध्वनी पुढच्या ‘टी’त विरघळून जातो. ऐकू येते ते जवळजवळ ‘यूस्टू’ असे. ‘डी’ ऐकूच येत नसल्याने अनेकजण ‘आय यूज टू गो’ असे लिहितात. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्याही हातून ही चूक घडते. होकारार्थी वाक्यात ‘डी’ लिहायलाच हवा, एवढे लक्षात ठेवावे. बोलताना मात्र तो ठासून उच्चारण्याची गरज नाही.

किती काळ आणि किती वेळा?

आणखी एक बारकावा. घटना किती काळ चालली किंवा एकूण किती वेळा घडली, हे मोजून सांगायचे असेल तेव्हा ‘यूज्ड टू’ चालत नाही. साधा भूतकाळ वापरावा लागतो.

‘मी तीन वर्षे शहागंजात राहिलो’ याचे ‘आय लिव्हड इन शहागंज फॉर थ्री इयर्स’ असे भाषांतर करावे. तेथे ‘यूज्ड टू लिव्ह’ नको. ‘मी अजिंठ्याला चार वेळा गेलो’ हेही साध्या भूतकाळातच सांगावे : ‘आय वेंट टू अजिंठा फोर टाइम्स.’ परंतु ‘मी वर्षातून दोनदा अजिंठ्याला जायचो’ असे म्हटले की ती रीत झाली, मोजदाद राहिली नाही. म्हणून ‘आय यूज्ड टू गो टू अजिंठा ट्वाइस अ इयर’ हे योग्य. मराठीतही आपण ‘तीन वर्षे राहिलो’ म्हणतो, ‘तीन वर्षे राहायचो’ म्हणत नाही. आपलाच कान येथे आपल्याला योग्य उत्तर देतो.

मग आजची सवय सांगायची कशी?

उत्तर इतके सोपे आहे की त्यावर विश्वास बसत नाही. आजची सवय सांगायला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘मी रोज सकाळी फिरायला जात असतो’ म्हणजे ‘आय गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग.’ ‘मी वडिलांच्या दुकानाचा हिशेब पाहत असतो’ म्हणजे ‘आय हँडल द अकाउंट्स ऑफ माय फादर्स शॉप.’ आवश्यकता भासल्यास ‘यूज्वली’, ‘ऑफन’, ‘एव्हरी डे’ असे शब्द जोडावेत.

मराठी माणसाला हे अपुरे वाटते. ‘जातो’ आणि ‘जात असतो’ यांत आपल्याला छटा जाणवते, तेव्हा इंग्रजीतही काही तरी जादा शब्द असलाच पाहिजे अशी समजूत होते आणि ‘यूज्ड टू’ धावून येते. ‘असतो’ दिसला की ‘यूज्ड टू’ नको, ‘असे’ दिसला की हवे, ही खूणगाठ बांधून ठेवावी.

सवयीचे दुसरे घर : अंगवळणी पडणे

आता या शब्दांचा दुसरा अवतार पाहू. त्यांच्यामागे ‘अॅम’, ‘इज’, ‘आर’ किंवा ‘वॉज’ आले की अर्थ पूर्णपणे पालटतो. ‘आय अॅम यूज्ड टू द नॉइज’ म्हणजे, या गोंगाटाला मी सरावलो आहे. शहागंजात बाजारपेठेवर घर असलेल्या माणसाला रमजानच्या किंवा दिवाळीच्या गर्दीत शांत झोप लागते, त्याचे कारण हे वाक्य सांगते.

येथे ‘टू’ हे शब्दयोगी आहे. त्यापुढे नाम यावे लागते. क्रियापदच आणायचे असेल तर त्याला ‘आयएनजी’ लावून नामाचे रूप द्यावे लागते. ‘आय अॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली.’ म्हणजे, लवकर उठणे माझ्या अंगवळणी पडले आहे. ‘आय अॅम यूज्ड टू गेट अप अर्ली’ हे चूक. ओळखण्याची एक युक्ती आहे. ‘टू’च्या पुढे ‘इट’ ठेवून पाहावे. ‘आय अॅम यूज्ड टू इट’ हे अर्थपूर्ण वाक्य आहे, म्हणून तेथे नाम चालते. ‘आय यूज्ड टू इट’ हे अपुरे वाक्य आहे, म्हणून तेथे क्रियापदाचे मूळ रूपच हवे.

मराठीतील ‘सवय’ या शब्दाची येथे थोडी अडचण होते. ‘मला चहाची सवय आहे’ म्हणजे मी नियमितपणे चहा घेतो. ‘मला उन्हाची सवय आहे’ म्हणजे ऊन मला बाधत नाही. शब्द एकच, अर्थ दोन. ‘अॅम यूज्ड टू’ हा दुसऱ्या अर्थाचा प्रतिनिधी आहे. एखादी गोष्ट आरंभी नवी, अवघड किंवा त्रासदायक वाटली असती, पण आता तसे वाटत नाही, हा त्याचा आशय. म्हणून भाषांतर करताना ‘सवय आहे’ ऐवजी ‘सरावलो आहे’ किंवा ‘अंगवळणी पडले आहे’ असे शब्द ठेवून पाहावेत. वाक्य जुळले तर ‘अॅम यूज्ड टू’ वापरावे. न जुळल्यास साधा वर्तमानकाळ.

सराव अजून व्हायचा असेल, प्रक्रिया चालू असेल, तर ‘गेट’ कामाला येते. ‘शी इज गेटिंग यूज्ड टू द कोल्ड.’ म्हणजे, तिला हळूहळू थंडीची सवय होते आहे. परदेशी मुलाकडे गेलेल्या आईबद्दल हे वाक्य अनेक मराठी घरांत बोलले जाते. ‘यू विल गेट यूज्ड टू इट’ हा दिलासा तर नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला ऐकावा लागतो.

तिसरे घर : वापर

‘इज यूज्ड टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूप आले आणि कर्ता एखादी वस्तू असली, तर तेथे सवयीचा संबंधच नसतो. ‘द पनचक्की वॉज यूज्ड टू ग्राइंड ग्रेन.’ म्हणजे, पनचक्की धान्य दळण्यासाठी वापरली जाई. हे ‘वापरणे’ या क्रियापदाचे कर्मणी रूप आहे आणि त्याचा उच्चार ‘झ’ने होतो. शहरातील प्रसिद्ध पनचक्की पाण्याच्या जोरावर जाते फिरवीत असे, हे वाचकांना ठाऊक आहेच. हेच सवयीच्या प्रयोगात सांगायचे तर ‘द पनचक्की यूज्ड टू ग्राइंड ग्रेन’ असे होईल. पहिल्या वाक्यात ‘वॉज’ आहे, दुसऱ्यात नाही. पहिल्यात उपयोग सांगितला आहे, दुसऱ्यात गतकाळची रीत. दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. मात्र कोणते वाक्य कशासाठी, हे बोलणाऱ्याला माहीत हवे.

‘वुड’ची जोड

आठवणी सांगताना इंग्रजी लेखक ‘यूज्ड टू’ पुनःपुन्हा न वापरता पुढे ‘वुड’ची मदत घेतात. ‘आजोबा यूज्ड टू लिव्ह इन चेलीपुरा. एव्हरी मॉर्निंग ही वुड वॉक टू शहागंज अँड बाय व्हेजिटेबल्स.’ आजोबा चेलीपुऱ्यात राहत. रोज सकाळी ते शहागंजात पायी जात आणि भाजी घेत. येथे एक मर्यादा पाळावी लागते. ‘वुड’ फक्त पुनःपुन्हा घडणाऱ्या क्रियेसाठी चालते, स्थितीसाठी नाही. ‘राहणे’, ‘असणे’, ‘मालकीचे असणे’, ‘आवडणे’ या स्थिती आहेत. म्हणून गतकाळच्या आठवणीत ‘ही वुड लिव्ह इन चेलीपुरा’ म्हणता येणार नाही. काळ आधी ‘यूज्ड टू’ने निश्चित करावा आणि मग ‘वुड’ने आठवण पुढे न्यावी, हा सोपा क्रम.

चारशे वर्षांपूर्वी बरोबर, आज चूक

या शब्दांचा इतिहास रंजक आहे. इंग्रजीतील ‘यूज’ हे क्रियापद लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आले. ‘वापरणे’ या अर्थाबरोबरच ‘नेहमी करणे, रीत असणे’ असाही त्याचा अर्थ होता. सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रजीत ते वर्तमानकाळातही चालत असे. म्हणजे मलिक अंबर खडकीत नहरी खोदून पाणी आणत होता, त्या सुमारास इंग्लंडमधील माणूस ‘मी रोज जातो’ हे ‘आय यूज टू गो’ अशा शब्दांत सांगू शकत होता. पुढे वर्तमानकाळाचे रूप हळूहळू लोप पावले आणि फक्त भूतकाळाचे रूप टिकले. एका अर्थी आज आपण जी चूक करतो, ती एके काळची शुद्ध भाषा होती. पण भाषेच्या बाजारात जुने नाणे कितीही अस्सल असले तरी चालत नाही. चालू नाणेच द्यावे लागते.

अर्थाचा अनर्थ

एवढ्याशा फरकाचा इतका ऊहापोह कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर व्यवहारात आहे.

समजा, मुलाकडे परदेशी गेलेल्या एखाद्या आजींना तेथील दवाखान्यात परिचारिका विचारते, रक्तदाबाची गोळी घेता का? आजी शाळेत शिकलेल्या इंग्रजीची आठवण करून सांगतात, ‘येस, आय यूज्ड टू टेक वन टॅब्लेट डेली.’ त्यांच्या मनात आहे : रोज एक गोळी घेत असते. परिचारिका नोंद करते : पूर्वी घेत होत्या, आता बंद. या नोंदीवरून पुढचे उपचार ठरतात. याउलट, धूम्रपान अजून चालू असलेला गृहस्थ ‘आय यूज्ड टू स्मोक’ म्हणाला, तर डॉक्टर त्याला व्यसनमुक्त समजतात.

किंवा हिमरू शालींच्या दुकानातील विक्रेता घ्या. सुती आणि रेशमी धाग्यांचे हे विणकाम आपल्या शहराची ओळख आहे आणि आज ते जपणारे हात फार थोडे उरले आहेत. परदेशी पर्यटकाला मागावर चाललेले काम दाखवावे या हेतूने विक्रेता म्हणतो, ‘वुई यूज्ड टू वीव्ह हिमरू हिअर.’ पर्यटकाला वाटते, पूर्वी विणत असत, आता बाहेरून माल आणतात. तो मान डोलावून पुढे निघून जातो. ‘वुई वीव्ह हिमरू हिअर’ या चार शब्दांनी तो थांबला असता. जिवंत कलेला आपल्याच तोंडाने मृत ठरवणारा तो एक शब्दप्रयोग.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते : आम्हाला व्याकरण येते, बोलता येत नाही. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आपल्याला व्याकरण येते ते सुटे सुटे. मराठीच्या व्याकरणाशी त्याची सांगड आपण घातलेली नसते. ज्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले, त्यांना ही सांगड सक्तीने घालावी लागे. मराठी वाक्य समोर ठेवायचे, त्याचा काळ ओळखायचा आणि मग इंग्रजी रूप शोधायचे. पद्धत जुनी, संथ आणि काहीशी कंटाळवाणी. पण ‘असे’ आणि ‘असतो’ यांतील अंतर तिने नजरेआड होऊ दिले नसते.

स्वाध्याय

पुढील वाक्यांचे इंग्रजीत भाषांतर करावे. उत्तरे शेवटी दिली आहेत. ती आधी पाहू नयेत.

१. माझे वडील शिक्षक होते. आता ते निवृत्त आहेत.
२. मी रोज सिटी बसने महाविद्यालयात जात असतो.
३. तुम्ही पूर्वी क्रिकेट खेळायचा का?
४. मला रात्री उशिरापर्यंत काम करण्याचा सराव आहे.
५. या यंत्राचा उपयोग कापड विणण्यासाठी होतो.
६. आम्ही पाच वर्षे गुलमंडीत राहिलो.

उत्तरे : १. माय फादर यूज्ड टू बी अ टीचर; ही इज रिटायर्ड नाऊ. २. आय गो टू कॉलेज बाय सिटी बस एव्हरी डे. ३. डिड यू यूज टू प्ले क्रिकेट? ४. आय अॅम यूज्ड टू वर्किंग लेट अॅट नाइट. ५. धिस मशीन इज यूज्ड टू वीव्ह क्लॉथ. ६. वुई लिव्हड इन गुलमंडी फॉर फाइव्ह इयर्स.

दुसऱ्या आणि सहाव्या वाक्यात ‘यूज्ड टू’ नाही, हे ज्यांच्या लक्षात आले त्यांना विषय समजला असे मानायला हरकत नाही. या शब्दांचा उपयोग कोठे करावा याइतकेच तो कोठे करू नये हे कळणे महत्त्वाचे आहे.

दुकानदाराच्या मुलाला मी हीच वाक्ये दिली होती. दुसऱ्या वाक्यापाशी तो थांबला, हसला आणि म्हणाला, ‘म्हणजे मी त्यांना सांगून आलो की मी कामच सोडले आहे!’ नंतर त्याने वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहून घेतली : असे म्हणजे यूज्ड टू, असतो म्हणजे नाही. पुढच्या मुलाखतीचे पत्र आले तेव्हा तो ती वही घेऊन पुन्हा आला. या वेळी आम्ही व्याकरण फारसे बोललो नाही. त्याने फक्त आपल्या कामाची माहिती इंग्रजीत सांगितली आणि प्रत्येक वाक्य वर्तमानकाळात होते, कारण त्याचे काम चालू होते.